टेबल टेनिसची रॅकेट: निवड, जोडणी आणि मराठवाड्याच्या उन्हात तिची निगा

जूनमध्ये शाळा उघडल्या, की हॉलवर नवी लेकरं यायला लागतात आणि मागोमाग पालकांचा ठरलेला प्रश्न येतो: "सर, रॅकेट कोणती घेऊ? पैशाचं बघू नका, भारीतली भारी सांगा." त्यांची कळकळ खरी असते. पण पहिल्या वर्षात भारी रॅकेट लेकराचं नुकसान करते. वेगवान लाकूड आणि जाड स्पंजाचं रबर हातात आलं, की चेंडू नुसता लागला तरी टेबलाबाहेर जातो. मग लेकरू हात आखडतं, चेंडूला जेमतेम टेकवून खेळायला लागतं. पूर्ण हात फिरवून मारायची सवय लागायची ती राहूनच जाते आणि ही आखडलेली ढब पुढे सुटता सुटत नाही. पहिल्या रॅकेटकडून एकच मागावं: हात पूर्ण फिरवला तरी चेंडू टेबलावर पडला पाहिजे.

उलट टोकाची चूकही तितकीच होते. दुकानात कॅरमच्या सोंगट्यांशेजारी टांगलेली, दोन रॅकेट आणि तीन चेंडू असलेली जोडी घरच्या डायनिंग टेबलावर खेळायला ठीक आहे. तिचं रबर मात्र इतकं गुळगुळीत असतं, की चेंडूला फिरकी बसतच नाही. ज्या लेकराला टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका, शिकायचा आहे, त्याने महिनोन्‌महिने घाम गाळला तरी त्या रबरावर तो उमटणार नाही, आणि शेवटी "याला जमत नाही" असा शिक्का लेकरावर बसतो.

रॅकेटमध्ये असतं काय

लाकडी फळी म्हणजे ब्लेड, तिच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेली दोन रबरं आणि मधला गोंद. वर दिसणारं लाल-काळं रबरही दोन थरांचं असतं. वरचा पातळ थर चेंडूला पकडतो आणि खालचा स्पंज त्याला उसळी देतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ब्लेडच्या जाडीतला किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा हवा. स्पंज, रबर आणि गोंद मिळून एका बाजूची जाडी ४ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. रॅकेटच्या आकारावर आणि वजनावर मात्र बंधन नाही.

रबराने खेळ किती पालटतो याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यात घडलं. १९५२ साली मुंबईत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तोवर बहुतेक सगळे दाणेदार रबराच्या, टकटक वाजणाऱ्या रॅकेटने खेळत. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली रॅकेट घेऊन आला. चेंडूचा आवाजच येईना, वेगाचा अंदाज बांधता येईना. त्या रॅकेटच्या बळावर तो पुरुष एकेरीचा विजेता ठरला. पुढे १९५९ मध्ये नियम करून नुसत्या स्पंजावर बंदी आली आणि जाडीची मर्यादा ठरली. आज आपण जे रबर लावतो, ते त्या नियमातूनच आलेलं आहे.

आधी खेळणाऱ्याकडे बघा

नियमित शिकवणी नसेल, सुटीत मित्रांसोबत खेळायचं असेल, तर हजार-पंधराशेच्या आसपासची चांगली तयार रॅकेट पुरे. स्टॅग ही मेरठची कंपनी आहे, जीकेआयच्या रॅकेटही दुकानांत सहज मिळतात. घेताना रबराखाली स्पंज आहे का ते कडेने बघा आणि पृष्ठभागावर अंगठा दाबून सरकवा. अंगठा अडखळला पाहिजे, सुळकन घसरता कामा नये.

आठवड्यातून तीन-चार दिवस हॉलवर जाणार असाल, मग वय आठ असो की अठ्ठेचाळीस, ब्लेड आणि रबरं वेगवेगळी घेऊन जोडून घ्यावीत असं माझं ठाम मत आहे. साधारण चार ते सहा हजारांत उत्तम जोडणी होते. पहिल्यांदा खर्च जास्त वाटतो, पण नीट सांभाळलेलं ब्लेड अनेक वर्षं टिकतं आणि पुढे फक्त रबरं बदलावी लागतात. तयार रॅकेटचं रबर झिजलं, की बहुतेक वेळा अख्खी रॅकेटच बाजूला पडते.

ब्लेड

पहिलं ब्लेड पाच थरांचं, निव्वळ लाकडाचं असावं. स्टिगाचं ऑलराउंड क्लासिक, यासाकाचं स्वीडन एक्स्ट्रा, बटरफ्लायचं प्रिमोरॅक ही वर्षानुवर्षं कसोटीला उतरलेली नावं आहेत. तिघांत ऑलराउंड क्लासिक सगळ्यात सबुरीचं, म्हणून अगदी नवख्यासाठी मी ते आधी सुचवतो. सात थरांची लाकडं जास्त कडक आणि वेगवान असतात. कार्बन किंवा आर्यलेट-कार्बन अशा कृत्रिम धाग्यांचा थर घातलेली ब्लेडं त्याहून पुढची. टीव्हीवर दिसणारे बरेच खेळाडू तीच वापरतात, पण त्यांचे हात रोज पाच-सहा तासांच्या सरावाने तयार झालेले असतात. फोरहँड आणि बॅकहँड दोन्हीकडून सलग तीस-चाळीस चेंडू एकाच लयीत जाईपर्यंत कार्बनचा विषय काढू नये.

ब्लेड हातात घेतलं की त्यावर चेंडू टाकून आवाज ऐका. बारीक, टणत्कारी आवाज म्हणजे कडक आणि वेगवान लाकूड. खोल, जाडसर आवाज म्हणजे लवचिक लाकूड, ज्यावर चेंडू क्षणभर जास्त रेंगाळतो. मग ब्लेड दुकानाच्या काचेच्या काउंटरवर सपाट ठेवून चारी कडा बोटाने दाबा. एखादी कड डुगडुगली तर लाकूड वाकलेलं आहे, ते घेऊ नका.

वजनाकडे फार कमी लोक लक्ष देतात. मोठ्यांचं ब्लेड साधारण ८० ते ९० ग्रॅमचं असतं आणि कापून लावलेलं प्रत्येक रबर ४० ते ५० ग्रॅमचं. म्हणजे रॅकेट १६० ते १९० ग्रॅमपर्यंत जाते. दहा वर्षांच्या आतल्या लेकराला ती जड होते. तासभर खेळल्यावर खांदा पडतो आणि फटका खालून वर जायच्या ऐवजी आडवा होतो. लहानांसाठी हलकं, बारीक मुठीचं ब्लेड आणि पातळ स्पंज घेऊन एकूण वजन १५०-१६० ग्रॅमच्या आत ठेवावं. सोनाराचा काटा कशाला, किराणा दुकानातला डिजिटल काटाही चालतो.

मुठीचं म्हणाल तर खाली पसरत जाणारी फ्लेअर्ड मूठ बहुतेकांना सोयीची, हातातून निसटत नाही. खेळताना पकड बदलणाऱ्यांना किंवा रॅकेट फिरवून दोन वेगळी रबरं वापरणाऱ्यांना सरळ मूठ बरी पडते. तर्जनी आणि अंगठ्याच्या बेचक्यात लाकडाची कड रुतत असेल, तर बारीक पॉलिश पेपरने ती कड हलकेच गोलसर करून घ्या. फोड येऊन आठवडाभर सराव बुडण्यापेक्षा हे बरं.

रबर

खरी निवड इथे आहे. नवख्याने दोन्ही बाजूंना आतल्या दाण्यांचं, वरून सपाट रबर लावावं. स्पंज १.५ ते १.८ मिलिमीटरचा असावा. यासाकाचं मार्क व्ही आणि बटरफ्लायचं स्रायव्हर ही दोन्ही रबरं साठच्या दशकापासून चालत आलेली आहेत आणि शिकायला आजही चांगली आहेत. वर्षभराने फोरहँडला लूप, म्हणजे भरपूर टॉपस्पिनचा फटका, नीट बसायला लागला, की त्या बाजूला २ मिलिमीटरचा स्पंज घ्यावा आणि बॅकहँडला १.८ च राहू द्यावा.

चिनी चिकट रबरांबद्दल, म्हणजे हरिकेन ३ किंवा फ्रेंडशिप ७२९ च्या घराण्याबद्दल, पोरं हमखास विचारतात. त्यांवर सर्व्हिसला जबर फिरकी बसते. मात्र हरिकेनचा स्पंज कडक असतो. कंबर, खांदा, हात सगळं लावून मारलं तरच तो दाद देतो. अर्धवट फटक्याला चेंडू जाळीत. प्रशिक्षक शेजारी उभा असेल तरच हे करावं.

बटरफ्लायच्या टेनर्जीसारखी महागडी रबरं उत्तम आहेत, यात वाद नाही. पण एकेका रबराला मोजावे लागणारे पैसे नवख्याच्या आख्ख्या जोडणीइतके होतात, आणि मी वर म्हटलं ते आखडणं त्यांच्यावर सगळ्यात लवकर सुरू होतं.

आता लाँग पिंपल्स, म्हणजे बाहेर लांब दाणे असलेलं रबर, आणि अँटीस्पिन, म्हणजे फिरकी न पकडणारं गुळगुळीत रबर. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या मनिका बत्राने बॅकहँडच्या लांब दाण्यांनी भल्याभल्या प्रतिस्पर्ध्यांना चकवलं. २०२४ मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत भारताच्याच अहिका मुखर्जीने अँटीस्पिन रबराच्या जोरावर चीनच्या सुन यिंगशाला हरवलं. त्यानंतर ही रबरं मागणारी लेकरं वाढली. लांब दाण्यांवर समोरून आलेली फिरकी बऱ्याच अंशी उलटून परत जाते आणि अँटीस्पिनवर चेंडू जवळजवळ मेल्यासारखा येतो. स्वतःची फिरकी स्वतःला वाचता येत नसताना ही रबरं लावली, तर प्रतिस्पर्ध्याआधी आपणच गोंधळतो. दोन वर्षं साधी रबरं खेळा, मग प्रशिक्षकाशी बोला.

जिल्हा स्पर्धेपासून पुढे जायचं असेल, तर रबराच्या मुठीकडच्या कडेला आंतरराष्ट्रीय महासंघाचं चिन्ह आणि त्याखाली कंपनीचा व रबराचा क्रमांक छापलेला असला पाहिजे. एक बाजू काळी हवीच. दुसरी आधी फक्त लाल चालायची. ऑक्टोबर २०२१ पासून हिरवा, निळा, गुलाबी, जांभळा हेही रंग चालतात.

आपल्याकडे क्रीडासाहित्याच्या दुकानांत क्रिकेटचा माल भरपूर आणि सुटी रबरं जेमतेम असतात, त्यामुळे बरेच जण ऑनलाइन मागवतात. नामांकित रबर निम्म्या किमतीत दिसलं तर हात आवरा, नकली माल खूप आहे. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, आणि स्पर्धेसाठी पुण्या-मुंबईला जाणं झालं तर तिथल्या जाणकार दुकानात हाताळून घ्या. मे महिन्यात पार्सल मागवलं, तर ते कुरिअरच्या गोदामात पडून राहणार नाही एवढं बघा.

रबर घरी कसं चिकटवायचं

हे काम प्रत्येक खेळाडूने शिकून घ्यावं. सकाळी लवकर बसा. दुपारी बसलात तर आपल्याकडच्या कोरड्या उष्णतेत गोंद पसरेपर्यंत वाळतो आणि गाठी पडतात. पंखा बंद करा, कारण धुळीचा एक कणसुद्धा रबराखाली गेला तर तिथे फुगवटा येतो.

नवं ब्लेड असेल तर आधी त्यावर पाण्यावर चालणाऱ्या वॉर्निशचा अगदी पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. यामुळे पुढे रबर काढताना लाकडाच्या ढलप्या निघत नाहीत. जुनं रबर काढायचं असेल तर मुठीकडच्या एका कोपऱ्यातून उचला आणि ब्लेडला जवळजवळ समांतर धरून तिरकं, सावकाश ओढा. गोंदाचा उरलेला थर बोटाने चोळला की गोळ्या होऊन निघतो. नखाने किंवा सुरीने खरवडू नका.

गोंद टेबल टेनिसचाच, पाण्यावर आधारलेला घ्या. एक थर स्पंजावर, एक लाकडावर, दोन्ही पातळ. गोंदासोबत आलेल्या स्पंजच्या तुकड्याने एकाच दिशेने पसरवा. लावताना तो दुधासारखा पांढरा दिसतो आणि वाळला की पारदर्शक होतो. पांढरा एकही डाग उरला नाही, की मगच जोडायचं. नव्या स्पंजाने पहिला थर पिऊन टाकला, तर त्यावर दुसरा द्या. रबराची सरळ कड मुठीच्या वरच्या रेषेला बरोबर लावा, चिन्ह मुठीकडे ठेवा आणि खालून वर सरकत, अजिबात न ताणता टेकवत न्या. ताणून लावलेलं रबर काही दिवसांत आकसतं आणि कडेला लाकूड उघडं पडतं. वरून लाटणं फिरवा, पण जोर हाताच्या वजनाइतकाच ठेवा. मग जाड पुस्तकांखाली तास-दोन तास दाबून ठेवा.

कापताना रॅकेट पालथी करून जाड पुठ्ठ्यावर ठेवा. कटरचं पातं नवं कोरं हवं. लाकडाच्या कडेला पातं टेकवून, मुठीपासून टोकापर्यंत शक्यतो न थांबता एकाच ओढीत जा. मधे थांबलात तिथे दातरा पडतो. शेवटी कडेला एज टेप लावा. टेबलावर आपटल्याने कडेचं लाकूड तुटतं, ते या टेपने वाचतं.

पंक्चरचं सोल्यूशन किंवा सुताराचा फेविकॉल लावायचा मोह होतो, कारण दोन्ही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. फेविकॉल वाळून कडक होतो, स्पंज दगड होतो आणि रबर काढताना लाकूड सोबत येतं. सोल्यूशनची गोष्ट वेगळी आहे. सत्तरच्या दशकाअखेरीस युरोपातल्या खेळाडूंच्या लक्षात आलं, की सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनने स्पंज फुगतो आणि चेंडू सुसाट जातो. त्यातूनच स्पीड ग्लू, म्हणजे वेग वाढवणारा गोंद, आला. पण त्यातली द्रावकं श्वासावाटे शरीरात जाऊन अपाय करतात, म्हणून सप्टेंबर २००८ पासून त्यावर बंदी आहे. बंद खोलीत लेकरांच्या हाती ते देऊच नका.

रोजची निगा

खेळ संपला की रबरावर दोन-तीन थेंब पाणी टाका, मऊ स्पंजने मुठीकडून टोकाकडे पुसा, वाळू द्या आणि वर प्लास्टिकची फिल्म लावून रॅकेट कव्हरमध्ये ठेवा. एवढ्याला दोन मिनिटं लागतात. लांब किंवा आखूड बाहेरचे दाणे असतील तर मऊ टूथब्रशने हलक्या हाताने झाडा.

पाणी कोणतं, हा आपल्याकडे महत्त्वाचा मुद्दा आहे. बोअरचं पाणी जड असतं. बादलीला जसा पांढरा थर बसतो तसाच तो रबरावरही बसतो, डोळ्यांना दिसत नाही पण चेंडू घसरायला लागतो. आरओचं किंवा जारचं पाणी छोट्या बाटलीत भरून किटबॅगेत ठेवा. साबण, स्पिरिट, सॅनिटायझर यांतलं काहीही लावू नका. रबर कोरडं पडून त्याला बारीक भेगा जातात.

मुठीला घाम मुरतो, म्हणून दोन गेमच्या मधे मूठ टॉवेलने कोरडी करा. ओली रॅकेट लगेच बंद कव्हरमध्ये कोंबू नका.

उन्हाळा, कूलर आणि पावसाळा

परभणी, नांदेड, जालना, बीडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. स्कूटीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तापमान त्याहून कितीतरी वर चढतं. शिकवणीला जाताना रॅकेट तिथे ठेवली आणि तीन तासांनी काढली, तर गोंद सुटून रबराला फुगे आलेले दिसतात, कधी ब्लेडच वाकतं. एसटीच्या खिडकीशी, गच्चीवर, ऊन येणाऱ्या कपाटावर, कुठेही हाच नियम. उन्हाने रबराचा वरचा थर वाळून चकाकायला लागतो आणि तो परत पहिल्यासारखा होत नाही. रॅकेट पाठीवरच्या बॅगेत, कपड्यांच्या घडीत ठेवा आणि बॅग सावलीत.

हॉलमध्ये कूलर लावला असेल तर त्याचं तोंड टेबलाकडे नको. कूलरची हवा ओलसर असते, ती रबरावर बसली की चेंडू पकडत नाही. पोरं म्हणतात, "आज लूप बसेना." अशा वेळी फटका तपासायच्या आधी रबर कोरड्या सुती कापडाने पुसून बघा. पावसाळ्यातही हेच होतं. तेव्हा दर सहा पॉइंटनंतर टॉवेल घेण्याची जी मुभा नियमात आहे, ती रॅकेटसाठीही वापरा. कव्हरमध्ये सिलिका जेलची एक पुडी ठेवली तर लाकूड ओल धरत नाही.

धूळ मात्र बाराही महिने. चेंडूवरची धूळ रबरावर घासली जाते, म्हणून सरावाचे चेंडू आठवड्यातून एकदा पाण्याने धुवा आणि टेबल रोज ओल्या फडक्याने पुसा. ज्या हॉलमध्ये हे होतं, तिथली रबरं जास्त टिकतात.

रबर कधी बदलायचं

हौशी खेळाडूचं रबर साधारण ८० ते १०० तासांच्या खेळानंतर उतरणीला लागतं. तास मोजत बसण्यापेक्षा बोटाने तपासा. तर्जनी आधी रबराच्या कडेला सरकवा, मग मधोमध. कडेला अडखळते आणि मधे सरकते, असा फरक जाणवला की पकड गेली. उजेडात तिरकं धरल्यावर मधे चकाकता गोल डाग दिसत असेल तर आणखी वाट पाहू नका. फोरहँडचं रबर बहुधा आधी झिजतं, तेव्हा दोन्ही एकदम बदलायलाच हवीत असं नाही. पैशांची ओढाताण असेल तर या वेळी एक, पुढच्या वेळी दुसरं. काढलेलं रबर फेकू नका, सर्व्हिसच्या फिरकीसाठी ते बाद असलं तरी नवख्यांना चेंडू नुसता परत मारायच्या सरावाला चालतं.

नवं रबर स्पर्धेच्या आदल्या दिवशी लावू नका. त्याची उसळी हाताला कळायला निदान आठवडाभर सराव लागतो.

स्पर्धेच्या दिवशी

सामना सुरू होण्याआधी प्रतिस्पर्ध्याला आणि पंचांना रॅकेट दाखवायची असते. समोरच्याची रॅकेट हातात आली, की दोन्ही बाजूंना बोट फिरवून कोणत्या रंगाला काय आहे ते लक्षात ठेवा. कडेचं रबर उखडलेलं असेल किंवा मोठा तुकडा गेला असेल, तर पंच रॅकेट नाकारू शकतात, म्हणून हे घरीच तपासून निघा. गेमच्या मधल्या वेळात रॅकेट टेबलावरच ठेवायची असते, बॅगेत भरायची नाही. आणि शक्य असेल तर तशीच जोडलेली दुसरी रॅकेट सोबत असू द्या. सामन्यात रॅकेट चुकून मोडली, तर ती बदलायची परवानगी आहे, पण त्यासाठी दुसरी रॅकेट हाताशी हवी.